अमूर्ताचा पंचनामा

आमच्या जलतरंग सोसायटीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या दिवशी सगळे आपापल्या टाकीपाशी असतात, एक कडुबा मास्तर सोडून. मास्तर बाहेर रस्त्याकडच्या भिंतीसमोर हात मागे बांधून उभे असतात. रस्त्यावर तेव्हा वर्दळ नसते, त्यामुळे भिंत निवांत बघता येते. मग पहिल्या मजल्यावरून त्यांच्या पत्नी सरूबाईंची हाक येते, "अहो, व्हॉल्व्ह कोण फिरवायचा? तुमची भिंत फिरवणार का?" मास्तर मान न वळवता एक हात वर करतात. त्याचा अर्थ 'आलो' असाही होतो आणि 'थांब' असाही.

त्या भिंतीवर मास्तरांनी काढलेलं चित्र आहे. ते कशाचं आहे यावरून शहरातल्या आमच्या गारखेडा भागात काय काय झालं ते मी रोजच्या रोज टिपून ठेवलं होतं. मास्तरांबद्दल एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, ते आज लिहिते आहे.

कडुबा निकम मूळचे पिशोरचे. तिथल्याच शाळेत ते चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना इथं फ्लॅट घेऊन दिला आणि तो स्वतः पुण्याला निघून गेला. मी तळमजल्यावर एकटीच असते. आमचे हे गेल्यापासून दुपारचा चहा एकटीनं पिणं मला जमत नाही, म्हणून सरूबाई भाजी निवडायला माझ्याकडे येतात आणि त्यांच्या मागोमाग मास्तर. ते मला म्याडम म्हणतात. मी आयुष्यात कुठंही शिकवलेलं नाही, असं मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुम्ही कॉन्व्हेंटच्या. कॉन्व्हेंटची बाई घरी बसली तरी म्याडमच."

मास्तर गप्प बसणारे नाहीत आणि विनयशील तर मुळीच नाहीत. पिशोरमध्ये रंगाचं म्हणून जे जे काम होतं ते आपणच केलं, असं ते सांगतात. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, गणपतीच्या मागचा हिमालय, सहकारी सोसायटीच्या भिंतीवरचा ट्रॅक्टर आणि त्याच्या बाजूला हसणारा शेतकरी. प्रत्येक कामाच्या खाली कोपऱ्यात 'कडुबा आर्ट्स, पिशोर'. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे कापडी फलक तेच लिहायचे. ब्रश एकच. एका पक्षाचं झालं की रॉकेलमध्ये धुवायचा आणि दुसऱ्याचं घ्यायचं. निकाल लागला की त्या कापडाला कुणी विचारत नसे. मग मास्तरांची आई ते गोळा करून, रात्रभर भिजत घालून, त्याच्या गोधड्या शिवायची.

"एका गोधडीत सगळे पक्ष," सरूबाई सांगतात. "लग्न होऊन आले तर माझ्या पायाशी 'प्रचंड बहुमतानं विजयी करा'. भिजवून भिजवून अक्षरं जाईनात. रंग लई पक्का लावायचे हे."

"मग? माझ्या हातचा रंग होता तो," मास्तर म्हणतात.

या सगळ्या कामात त्यांना एकाच गोष्टीचा जाच झाला, तो म्हणजे नाक. माणूस काढला की लोक नाकाबद्दल तक्रार करायचे. नाक बसकं झालं, नाक लांब झालं, आमच्या साहेबांचं नाक असं नाय. एकदा तर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मोठा फलक त्यांनी रंगवला आणि त्यात त्याला मिशी दाखवली. पुढाऱ्यानं ती आदल्याच आठवड्यात उतरवली होती आणि त्याच्या विरोधकानं नुकतीच राखली होती. फलक बाजारात लागला तेव्हा लोक विरोधकाला शुभेच्छा द्यायला गेले. मास्तर वाढदिवस उलटेपर्यंत कन्नड गावी बहिणीकडे जाऊन राहिले.

"तवाच ठरवलं," ते मला म्हणाले होते. "निवृत्त झालो की असं चित्र काढायचं की ज्याला नाकच नाय. मग तक्रार कशाची करतील?"

ते चित्र कसं असतं हे त्यांना एका रद्दीच्या दुकानात सापडलं. तिथं त्यांना मुखपृष्ठ फाटलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. ते घेऊन ते सरळ माझ्याकडे आले. "चित्रं मला कळत्यात म्याडम. मजकूर तेवढा तुम्ही सांगा."

मग बरेच दिवस दुपारच्या चहाबरोबर मी पुस्तक वाचून मराठीत सांगत होते. दुसऱ्या महायुद्धानंतरचे अमेरिकेतले चित्रकार होते ते. कुणी जमिनीवर कापड अंथरून डब्यातून रंग शिंपडायचा, कुणी दोनच रंगांचे धूसर चौकोन एकावर एक ठेवायचा. चित्रांना नावंसुद्धा द्यायचे नाहीत, नुसते क्रमांक. लोक हसले. तिथल्या एका खासदारानं तर सांगितलं की ज्याअर्थी हे समजत नाही त्याअर्थी हा कम्युनिस्टांचा कट आहे. आणि पुढं काही वर्षांनी त्यांच्याच गुप्तहेर खात्यानं पडद्याआडून या चित्रांच्या प्रदर्शनांना हातभार लावला. रशियात चित्रकारांना सरकार सांगेल तेच काढावं लागतं आणि आमचे बघा कसे मोकळे, हे जगाला दाखवायला.

"थांबा म्याडम. रशियात काय काढावं लागायचं?"

मी पान उलटून पाहिलं. "ट्रॅक्टर. आणि हसरे शेतकरी."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी सगळी नोकरी रशियातच केली म्हणा की."

मी पुढं सांगितलं की त्या चित्रकारांना याचा बहुतेक पत्ताच नव्हता. मास्तरांना ते फार लागलं. "त्या गड्यांनी मुद्दाम काहीच काढलं नाय, अन् तरी त्यांची भिंत सरकारनं घेतलीच. विचारलंसुद्धा नाय."

सरूबाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे काही काढलं नाय तरी प्रचार होतोच."

"तू भाजी निवड," मास्तर म्हणाले.

आता भिंतीकडे येते. आमची भिंत लांबलचक आणि मोक्याच्या जागी, त्यामुळे निवडणुकीच्या कितीतरी आधी कुणीतरी येऊन तिच्यावर 'राखीव' असं लिहून आपल्या पक्षाचं नाव घालून जायचं. दुसरा येऊन ते पुसायचा आणि आपलं लिहायचा. सोसायटी वर्षभर चुना लावत बसायची. शेवटी आमचे चेअरमन काकासाहेब यांनी पार्किंगमध्ये सभा घेतली. काकासाहेब चितेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. कुणालाही नाराज करायचं नाही हा त्यांचा स्वभाव. भिंतीवर आपणच काहीतरी कायमचं रंगवून टाकू म्हणजे जागाच उरणार नाही, अशी त्यांची कल्पना होती.

एकानं देवांच्या फरशा लावू म्हटलं. कोणते देव यावर अर्धा तास गेला, आणि जिथं लोक थुंकतात तिथं देव कसे बसवायचे यावर तो विषय मिटला. एकीनं अजिंठ्याची चित्रं सुचवली. समोरच्या तिन्ही भिंतींवर अजिंठाच आहे. 'झाडे लावा' म्हटलं तर पाणी कोण घालणार.

तेव्हा मास्तर उभे राहिले. नेमका त्याच वेळी पाण्याचा टँकर मागं घेत घेत फाटकातून आत येत होता आणि त्याच्या भोंग्यातून मागं येतानाचं ते 'कृपया ध्यान दें' चाललेलं होतं. त्या गोंगाटात मास्तर म्हणाले, "अमूर्त चित्र काढू. मी काढतो. फुकट."

"अमृत?" काकासाहेब कानामागं हात धरून म्हणाले. पाण्याच्या ज्या सरकारी योजनेची इथं रोज चर्चा असते तिच्या नावात अमृत आहे. "फार छान विषय आहे, मास्तर. पाण्याला कोण विरोध करील? ज्यांचं अनुमोदन आहे त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. मी अमूर्त आणि अमृत यांतला फरक सांगायला म्हणून हात वर केला, तोही अनुमोदनात मोजला गेला. इतिवृत्तात 'अमृत चित्र, एकमताने मंजूर' असं लिहिलं गेलं.

मी नंतर मास्तरांना सांगितलं की ऐकण्यात घोटाळा झालाय. ते म्हणाले, "नीट ऐकलं असतं तर मंजूर झालं नसतं. राहू द्या."

रंग आणायला ते गुलमंडीच्या बाजारात निघाले तेव्हा मलाही अस्तराचं कापड घ्यायचं होतं, म्हणून एकाच रिक्षात गेलो. रंगाच्या दुकानाचे शकीलभाई मास्तरांचे जुने ओळखीचे.

"बोलो मास्टर, कौनसा रंग होना?"

"ज्याला पार्टी नाय असा द्या."

शकीलभाईंनी भिंतभर लावलेल्या डब्यांकडे पाहिलं. "वैसा रंग कंपनी बनातीच नई. भगवा तुमको मालूम. हिरवा मालूम. नीला मालूम. पिवळा भी अब एक जन ले गया."

"पांढरा?"

"वो तो सब लीडर लोगां पैनते."

"काळा?"

"काला निषेध का."

"तपकिरी?"

शकीलभाईंनी विचार केला. "वो किसी का नई. और फायदे का है, पान की पिचकारी उसमें दिखती नई."

मास्तर डब्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "सगळेच थोडे थोडे द्या. मग कुणाचा रुसवा नको."

मग कामाला सुरुवात झाली. पुस्तकातल्या माणसासारखं कापड जमिनीवर अंथरता येतं, भिंत अंथरता येत नाही. म्हणून मास्तर रंग पळीनं उडवायचे. आमटीची पळी गेल्याचं सरूबाईंना जेवायला वाढताना कळलं. जुन्या घोषणा त्यांनी चुना मारून झाकल्या नाहीत. त्यांच्यावर लहानमोठे रंगीत चौकोन बसवले, वेडेवाकडे, एकमेकांना चिकटून, आणि मधूनमधून खालचं 'विज', 'नम्र आवा', 'बहुम' असं तुटकं दिसू दिलं. चौकोनांच्या कडेनं बारीक, तुटक पांढऱ्या रेघा. आणि सगळ्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड काळी रेघ, जिच्यातून रंग ओघळून खाली आलेला. ही रेघ मारायला ते दोन दिवस नुसते बघत बसले होते. तिसऱ्या दिवशी शिडीवर चढून त्यांनी ती एका दमात मारली आणि उतरल्यावर माझ्याकडे पाणी मागितलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगितलेलं, कुणाचं नाक न लागणारं असं काहीतरी त्यांनी भिंतीवर काढलं होतं. ते टिकावं एवढीच त्यांची इच्छा होती. पिशोरमध्ये त्यांचं कुठलंही काम पुढच्या निवडणुकीपलीकडे टिकलेलं नव्हतं.

काकासाहेब चित्रासमोर आले. त्यांनी चष्मा पुसला. "मास्तर, नळ कुठाय?"

"नळ नाय."

"नळ नाही तर अमृत कसलं?"

मास्तर पळी धुवत राहिले. काकासाहेबच या टोकाकडून त्या टोकाला चालत गेले आणि एकदम खूश होऊन परत आले. "आलं लक्षात. ही काळी म्हणजे पाइपलाइन. धरणापासून थेट इथपर्यंत. आणि हे ओघळलेलं म्हणजे पाणी. वा."

संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला पाइपलाइन दिसू लागली. लोक पाहुण्यांना आणून दाखवू लागले. काकासाहेबांनी तर धरणाचा चौकोनही शोधून काढला. मास्तर प्रत्येकाला सांगायचे, "पाइप नाय हो ती. काहीच नाय ते." लोक म्हणायचे, "मास्तर फार साधे."

मग महापालिकेच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि आचारसंहिता लागली.

पहिला आला शिवराज. हा सत्तेतल्या बाजूचा आमच्या वॉर्डातला कार्यकर्ता. भिंत पाहून त्याचा चेहरा उतरला. "काका, पाइप फुटलेली काढलीय. सगळीकडनं गळायलीय. ऐन निवडणुकीत ही आमची बदनामी झाली."

त्याच संध्याकाळी विरोधी बाजूचा अभय आला. "पाणी यायच्या आधीच पाइप काढलीत? ही तर सरकारी योजनेची जाहिरात झाली. तीही सोसायटीच्या भिंतीवर. हा त्यांचा उघड प्रचार आहे."

काकासाहेबांनी दोघांनाही चहा पाजला आणि दोघांनाही "तुमचं बरोबर आहे" म्हणून सांगितलं. दोघांनीही मोबाइलवर फोटो काढून निवडणुकीच्या लोकांकडे तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचारसंहिता पथकाची जीप आली. दोन मजूर, चुन्याचं पिंप आणि मंजुषा म्हणून एक अधिकारी बाई. मुळात त्या शेतीखात्यातल्या, निवडणुकीपुरत्या या कामावर आलेल्या. बोलायला सौम्य, पण घाईत होत्या. शिवराज आणि अभय आधीच येऊन उभे होते. सरूबाई जिन्यातून उतरल्या त्या हातातल्या लाटण्यासकट.

मंजुषाबाईंनी नियम सांगितला. चित्रातून कुठल्या पक्षाचा प्रचार किंवा बदनामी होते असा अर्थ निघत असेल तर चुना मारायचा. निघत नसेल तर हात लावायचा नाही. "पंचनामा करते. पंच कोण होतं?"

काकासाहेब चेअरमन म्हणून पुढे झाले. दुसरी मी. लेखनिकाला मजकूर सांगायला त्यांनी सुरुवात केली.

"लिहा. सदर भिंतीवर चौकोन, निरनिराळ्या रंगांचे. त्यांवरून एक काळी रेघ, वाकडी."

"वाकडी नाय," मास्तर म्हणाले. "वळणदार."

"वळणदार," बाईंनी सांगितलं. "रेघेतून रंग गळालेला आहे."

"गळाला नाय. गाळलाय."

"मास्तर, तुम्ही मधे बोलू नका. तुम्ही आरोपी आहात," काकासाहेब म्हणाले.

"आरोपी नाहीत, चित्रकार आहेत," मंजुषाबाई म्हणाल्या आणि शिवराजकडे वळल्या. "तुमची हरकत काय म्हणून लिहू?"

"लिहा की ही फुटलेली पाइपलाइन आहे."

"फुटलेली पाइपलाइन आहे असं तुमच्या सहीनिशी लिहू?"

पाइप फुटलेली आहे, हे शिवराजच्या स्वतःच्या सहीनं सरकारी कागदावर जाणार होतं. तो कपाळ खाजवू लागला.

बाई अभयकडे वळल्या. "तुमची हरकत?"

"हे त्यांच्या पाणी योजनेचं चित्र आहे."

"म्हणजे योजनेचं पाणी इथपर्यंत आलेलं चित्रात दिसतं, असं तुमचं म्हणणं. सहीनिशी."

अभय शिवराजकडे बघू लागला. दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत होत होतं आणि दोघांनाही ते अवघड जात होतं.

"नाही म्हणजे," शिवराज म्हणाला, "नीट बघितलं तर पाइप वाटत नाय तशी."

"अजिबात नाही," अभय म्हणाला. "कशाचंच नाही ते. नुसतं फरकाटलंय."

"व्हय. पोरानं रंग सांडल्यावानी."

"काही अर्थ नाही त्यात."

मी मास्तरांकडे पाहिलं. खरं तर त्यांनी आनंदानं उडी मारायला हवी होती. नाक नसलेलं चित्र काढायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि कुणालाही त्यात नाक सापडलेलं नव्हतं. चुन्याचं पिंप जीपमध्ये परत जायच्या बेतात होतं. पण मास्तरांचे कान लाल झाले होते.

"फरकाटलंय?" ते म्हणाले. "कोण म्हणलं फरकाटलंय? अर्थ हाय त्यात."

मंजुषाबाईंचा हात थांबला. "काय अर्थ आहे?"

काकासाहेबांनी डोळे मिटून घेतले. मजुरानं चुन्यात काठी फिरवली. मास्तर भिंतीकडे वळले, तोंड उघडलं, हात वर केला. त्या हाताचा अर्थ मला तेव्हाही कळला नाही.

"ह्यांना तरी कुठं ठाऊक हाय," सरूबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी लाटणं काखेत धरलं. "बाई, हे रोज सकाळी जाऊन भिंतीकडं बघत्यात. परत येऊन म्हणत्यात, आज बी सापडला नाय. विचारा त्यांना, म्हणत्यात का नाय."

"म्हणता का?" मंजुषाबाईंनी विचारलं.

मास्तरांनी पत्नीकडे पाहिलं, मग चुन्याच्या पिंपाकडे आणि मग भिंतीकडे. "म्हणतो," ते अगदी हळू म्हणाले.

"लिहा," बाई म्हणाल्या. "सदर चित्रातून कोणताही अर्थबोध होत नाही. चित्रकारासही अर्थ अवगत नाही. हरकतदारांची याबाबत तक्रार नाही."

शिवराजनं सही केली, अभयनं केली, काकासाहेबांनी केली. मी पूर्ण मजकूर दोनदा वाचून मग केली. निघताना मंजुषाबाई भिंतीसमोर क्षणभर रेंगाळल्या. जीपमध्ये बसता बसता मला म्हणाल्या, "आमच्या खात्यात जमिनीचे थर दाखवायला खड्डा खणतात ना, त्याची कड अशीच दिसते. पण ते आता लिहून झालंय."

नंतरचे काही दिवस मास्तर चहाला आले नाहीत. सरूबाई एकट्याच यायच्या. "रुसून बसलेत," त्या म्हणायच्या. "भिंत राहिली, तरी ह्यांना बरं नाय. सरकारनं लिहून दिलं की कायच नाय म्हणून. जेवताना मधीच म्हणत्यात, फरकाटलंय."

पण निवडणूक पार पडली आणि एक गंमत झाली. निवडून आलेल्यांचे 'जाहीर आभार' लिहायला रंगारी सगळ्या भिंतींवर फिरू लागले. आमच्या भिंतीपाशी ते आले तेव्हा शिवराजनंच त्यांना अडवलं. "हिला हात लावायचा नाय. हिच्यात काहीच अर्थ नाय असं सरकारी लेखी हाय. आपण लिहिलं तर अर्थ येईल, अन् पुन्हा पंचनामा." अख्ख्या रस्त्यावर आमची एकच भिंत तशीच राहिली.

ते ऐकून मास्तर खाली आले. त्या पंचनाम्याचा जावक क्रमांक त्यांनी काकासाहेबांकडून मागून घेतला आणि चित्राच्या कोपऱ्यात रंगवला. पुस्तकातल्यासारखं, नाव नाही, नुसता क्रमांक. त्याखाली 'कडुबा आर्ट्स, पिशोर', नेहमीपेक्षा जरा मोठं.

त्या दिवशी दुपारी दोघंही चहाला आली. मास्तर कप हातात धरून बसले. मग म्हणाले, "म्याडम, तुम्ही पंच होता. तुम्हाला खरंच काय दिसलं नाय?"

"पंचानं बोलायचं नसतं."

"आता आचारसंहिता उठली."

मी त्यांना खरं ते सांगितलं. सही केली तेव्हा मला त्यात फक्त चौकोन आणि रेघ दिसली होती. पण गेल्या आठवड्यात पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी ऊन द्यायला टाकलेलं अंथरूण पाहिलं आणि वाटलं की भिंतीवर तेच आहे. "गोधडी," मी म्हटलं. "मला त्यात गोधडी दिसते. पांढऱ्या रेघा म्हणजे टाके."

मास्तर हसले. "गोधडी. बघ गं, म्याडमला गोधडी दिसली." मग ते हसायचे थांबले.

सरूबाई शेंगा सोलत होत्या. "मला पहिल्या दिवशीच दिसली होती," त्या म्हणाल्या. "सासूबाईची. कापडी फलक जोडून केलेली. तेच भगवं, तेच निळं, तेच हिरवं. अन् मधूनमधून अक्षरं."

"अन् ती काळी रेघ?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"दोरी. वाळत घातलेली. ओली गोधडी लई जड, दोरी खाली यायची. तुम्हीच दोन्ही बाजूनं ओढून बांधायचा की. पाणी गळत राहायचं, तेच ते ओघळ." त्यांनी एक शेंग फोडून दाणे वाटीत टाकले. "मी तवा बोलले असते तर पंचनाम्यात सगळे पक्ष लिहावे लागले असते, अन् चुना."

मास्तर उठले आणि चहा तसाच टाकून बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं. ते भिंतीसमोर उभे होते, पण या वेळी हात मागं बांधलेले नव्हते. रेघेच्या एका टोकाला जाऊन त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला होता, ओढून बांधताना टेकवतात तसा.

तेवढ्यात काकासाहेब फाटकातून आत आले आणि त्यांच्यापाशी थांबले. "काय मास्तर, सापडला का अर्थ?"

मास्तर वळले. त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं.

सरूबाई माझ्या शेजारून खिडकीबाहेर वाकल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "जिल्हा परिषदेच्या निवडणुका अजून व्हायच्यात."

मास्तरांनी तोंड मिटलं आणि एक हात वर केला.